जलीबच्या गच्चीवरच्या गंजलेल्या छत्र्या



कुवेतच्या विमानतळापासून गाडीने दहा-पंधरा मिनिटांवर जलीब अल शुयूख नावाची वस्ती आहे. नावाचा अर्थ 'शेखांची विहीर'. आज तिथे ना विहीर दिसते, ना शेख. दिसतात ती पोटासाठी घर सोडून आलेली माणसं. केरळचे, आंध्र-तेलंगणाचे, बिहारचे, राजस्थानचे, शिवाय बांगलादेशी, श्रीलंकन, इजिप्शियन. आणि शोधलंत तर आपले रत्नागिरी-रायगडकडचेही. एका खोलीत पाच-सहा जण, दोन मजली लोखंडी खाटा, खाली बकाला (म्हणजे किराणा दुकान) आणि समोर खुबूस भाजणारी भट्टी.

या वस्तीत गेलात तर एकदा मान वर करून गच्च्यांकडे बघा. डिश अँटेनांची गर्दी दिसेल. आमच्याकडे गावी त्यांना 'छत्री' म्हणतात. कधी काळी या छत्र्या जलीबचा प्राण होत्या. आता बऱ्याचशा गंजल्या आहेत, कित्येकांच्या वायरी तुटून लोंबताहेत, एकीत तर कबुतरांनी संसार थाटलेला मी पाहिला आहे.

माझे धाकटे काका याच वस्तीत चोवीस वर्षं राहिले, १९९७ ते २०२१. एसी मेकॅनिक. मी त्यांच्या मानाने फारच सुखात इथे आलो. जर्मनीत डॉक्टरेट केली आणि २०१९ मध्ये खाऱ्या पाण्याचं गोडं पाणी करण्याच्या एका संशोधन प्रकल्पावर कुवेतला नोकरी लागली. काकांच्या खोलीपासून माझं घर जेमतेम अर्ध्या तासावर. पण दोन्हींमध्ये किती अंतर आहे हे कळायला मला २०२० साल उजाडावं लागलं.

आज मला त्या छत्र्यांविषयी लिहायचं आहे. म्हणजे टीव्हीने आपल्याला शिकवण्याचं जे वचन दिलं होतं त्याचं काय झालं, आणि तेच वचन आता इंटरनेट पाळतं आहे का, याविषयी. विषय मोठा आहे, पण जलीबच्या एका खोलीतून तो बराच स्पष्ट दिसतो.

आधी थोडा इतिहास.

आज टीव्ही म्हटलं की सासू-सुना आणि आरडाओरडा करणाऱ्या बातम्या डोळ्यांपुढे येतात. पण भारतात टीव्ही आला तो मनोरंजनासाठी नव्हे. १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झालं ते युनेस्कोच्या मदतीने. काही मोजके सार्वजनिक संच ठेवायचे, लोकांनी जमून बघायचं आणि नंतर त्यावर चर्चा करायची, अशी ती कल्पना. १९६१ पासून दिल्लीच्या शाळांसाठी धडे दाखवले जाऊ लागले. गंमत म्हणजे त्याच १९६१ साली इकडे कुवेत स्वतंत्र झालं, इथलं सरकारी टीव्ही केंद्र सुरू झालं आणि तोवर इथे चालणारा रुपया जाऊन दिनार आला. होय, १९६१ पर्यंत कुवेतच्या बाजारात रुपयाच चालत असे!

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी. त्यावर शेतकऱ्यांसाठी 'आमची माती आमची माणसं' असायचं. आणि एक कार्यक्रम होता 'ज्ञानदीप', आकाशानंद यांचा. आपल्या आई-वडिलांना विचारा, नाव काढताच त्यांचे डोळे चमकतील. या कार्यक्रमाच्या प्रेक्षकांनी ठिकठिकाणी 'ज्ञानदीप मंडळं' काढली होती. लोक एकत्र बसून कार्यक्रम बघत, मग त्यावर बोलत आणि आपल्या भागात काहीतरी काम उभं करत. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पुढचं पाऊल प्रचंड होतं. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात इस्रोने नासाचा एटीएस-६ हा उपग्रह वापरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत थेट टीव्ही पोचवला. या प्रयोगाला 'साइट' म्हणतात. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता, पण मुलांसाठीचे विज्ञानाचे कार्यक्रम तयार झाले ते मुंबईत. माझ्यातल्या इंजिनिअरला मोह पडतो तो त्या खेड्यांतल्या अँटेनांचा. सुमारे दहा फूट व्यासाची, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची छत्री! विक्रम साराभाईंनी पाहिलेलं हे स्वप्न, पण ते बघायला ते स्वतः नव्हते. ३० डिसेंबर १९७१ रोजी त्यांचं निधन झालं.

तेव्हा टीव्हीकडून शिकण्याचं स्वप्न फक्त आपणच बघत होतो असं नाही. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाचे धडे जानेवारी १९७१ पासून बीबीसीवर दिसू लागले आणि रात्री-अपरात्री, पहाटे उठून कामगार ते बघत. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचा 'कंट्रीवाइड क्लासरूम' सुरू झाला. त्यासाठी कार्यक्रम बनवणाऱ्या केंद्रांत पुणे विद्यापीठाचं केंद्रही होतं. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ निघालं, त्याचं ब्रीदच मुळी 'ज्ञानगंगा घरोघरी'.

मग गाडी घसरली कुठे?

माझ्या मते १९८४ हेच ते वर्ष. त्याच वर्षी 'हम लोग' आली. कुटुंब नियोजनासारखे विषय गोष्टीतून सांगायचे हा तिचा हेतू होता. पण ती मॅगी नूडल्सच्या प्रायोजकत्वावर चालली आणि खूप चालली. लोक गोष्ट बघतात आणि गोष्टीच्या मध्ये वस्तू विकता येते, हे सगळ्यांना कळलं. त्यानंतर प्रेक्षक हा विद्यार्थी उरला नाही, गिऱ्हाईक झाला. १९९२ मध्ये झी टीव्ही आला, १९९९ मध्ये अल्फा मराठी, २००० मध्ये ई टीव्ही मराठी. दुपारचा शिकवणारा कार्यक्रम आणि रात्रीची मालिका यांची कुस्ती लागली तर कोण जिंकणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

पण सगळा दोष जाहिरातींवर टाकणं बरोबर नाही. टीव्हीत शिकवण्याच्या दृष्टीने एक मूळचा दोष होता. धडा दुपारी एक वाजता लागला आणि तुम्ही तेव्हा कामावर असलात, तर संपलं. एखादं वाक्य कळलं नाही तर 'पुन्हा सांगा' म्हणायची सोय नाही. आणि एकच धडा सगळ्यांना, मग तुम्ही पाचवी शिकलेले असा किंवा बी.एस्सी. झालेले. एका मनोऱ्यावरून एकाच वेळी सगळ्यांना एकच गोष्ट, हा टीव्हीच्या यंत्रणेचा स्वभावच आहे. उपग्रह बदलून तो बदलत नाही.

आता जलीबकडे येऊ.

काकांच्या खोलीत सगळ्यात जुने होते खेड तालुक्यातले एक चाचा, १९८३ पासून कुवेतमध्ये. त्यांच्याकडून ऐकलेलं सांगतो. ऐंशीच्या दशकात व्हिडिओ कॅसेटचं राज्य होतं. शुक्रवार सुट्टीचा. गुरुवारी रात्री भाड्याने दोन सिनेमे आणायचे आणि पहाटेपर्यंत बघायचे. २ ऑगस्ट १९९० ला इराकने कुवेत घेतलं तेव्हा चाचा इतरांबरोबर बसने इराकमार्गे अम्मानला पोचले. तिथून लाखाहून अधिक भारतीयांना विमानांनी परत आणलं गेलं, त्यांतले ते एक. त्या दिवसांत सगळी भिस्त होती एका ट्रान्झिस्टरवर. टीव्ही जागेवरच राहिला. "टीवी कोन उचलनार, जीव उचलला ता लय झाला," असं चाचा म्हणतात.

कुवेत सावरलं आणि चाचा परत आले. काका १९९७ मध्ये आले, आणि तोवर गच्च्यांवर छत्र्या उगवल्या होत्या. खोलीत एक टीव्ही, सहा माणसं आणि एक रिमोट. केरळच्या इलेक्ट्रिशियनला मल्याळम बातम्या, काकांना क्रिकेट, चाचांना जुने हिंदी सिनेमे. शेवटी भिंतीवर वेळापत्रक लावलं होतं! काकांनी १९९९ मध्ये आमच्या घरी एकवीस इंची रंगीत टीव्ही पाठवला. तो खोक्यातून निघाला तेव्हा निम्मी वाडी आमच्या पडवीत जमली होती. मी दहा वर्षांचा होतो. त्या टीव्हीमुळे काका श्रीमंत आहेत असा माझा समज झाला, तो पुढे वीस वर्षं टिकला.

असो. तर त्या खोलीतल्या टीव्हीने तेवीस वर्षांत त्या माणसांना काय शिकवलं? खरं सांगायचं तर, फार काही नाही. बारा-चौदा तास राबून आलेल्या माणसाला तो विसावा देत होता, आणि त्याला नावं ठेवण्याचा अधिकार मला नाही. पण काका १९९७ मध्ये जे काम करत होते तेच २०१९ मध्ये करत होते. गॅस भरायचा, फिल्टर धुवायचा, कंप्रेसर बदलायचा. दरम्यान एसी बदलले होते. इन्व्हर्टर एसी आले होते. त्यात इलेक्ट्रॉनिक बोर्ड असतो, ज्याला मेकॅनिक 'कार्ड' म्हणतात. कार्ड बिघडलं की दुरुस्त करायचं नाही, नवीन टाकायचं, अशी त्यांच्या कामावरची पद्धत. शिकायची गरजच पडली नाही.

तेवढ्या काळात बाहेर दुसरीच गोष्ट घडत होती.

एप्रिल २००१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीने जाहीर केलं की आम्ही आमच्या अभ्यासक्रमांचं साहित्य इंटरनेटवर फुकट ठेवणार. २००३ मध्ये आपल्या आयआयटी आणि बंगळूरची आयआयएससी यांनी मिळून एनपीटीईएल सुरू केलं. माझी डॉक्टरेट जर्मनीतली असली तरी द्रवगतिकी मला खरी कळली ती एनपीटीईएलवरच्या व्याख्यानांतून. जर्मन प्राध्यापकांचं तासाला न कळलेलं समीकरण मी रात्री खोलीवर येऊन खडगपूर किंवा मद्रासच्या सरांकडून समजून घ्यायचो. कितीदाही मागे जाऊन!

२००४ मध्ये बॉस्टनमध्ये नोकरी करणारा सलमान खान (सिनेमावाला नव्हे, मूळच्या बंगाली घरातला अमेरिकन) न्यू ऑर्लिन्समधल्या नात्यातल्या बहिणीला फोनवरून गणित शिकवू लागला. २००६ पासून त्याने धडे यूट्यूबवर टाकायला सुरुवात केली. यूट्यूब स्वतःच तेव्हा जेमतेम दीड वर्षाचं होतं. त्याच्या भावंडांनी सांगितलं की तू समोर असण्यापेक्षा यूट्यूबवर बरा! कारण सोपं आहे. व्हिडिओ थांबवता येतो, आणि तीच गोष्ट पाचव्यांदा विचारताना लाज वाटत नाही. मघाशी सांगितलेला टीव्हीचा मूळचा दोष इथे दूर झाला होता.

आपल्या भाषेतलं एक काम मात्र मला या सगळ्यांपेक्षा जवळचं वाटतं. आयआयटी मुंबईच्या प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांचा 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्प. साधारण दहा मिनिटांचा एकेक धडा, पडद्यावर सॉफ्टवेअर चालताना दिसतं आणि आवाज तुमच्या भाषेत, मराठीतसुद्धा. त्यांची अट अशी की नुसतं बघायचं नाही. पडद्याचा अर्धा भाग धड्याला, अर्धा तुमच्या स्वतःच्या कामाला. धड्यात जे केलं ते लगेच आपण करायचं.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि भारतात डेटा स्वस्त झाला. जुलै २०१७ मध्ये सरकारने 'स्वयम्' सुरू केलं. तोवर शिकण्याबरोबर कमावण्याचाही रस्ता दिसू लागला होता. मधुरा बाचल यांनी २००९ मध्ये अमेरिकेत राहत असताना पाककृतींचे व्हिडिओ सुरू केले, पुढे मराठीत आले आणि त्यातून मसाल्यांचा धंदा उभा राहिला. २०२० मध्ये नगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे यांनी नातवाच्या मदतीने 'आपली आजी' घराघरांत पोचवली. सत्तरी गाठलेली आजी, शाळेचा फारसा संबंध नाही, आणि शिकवतेय साऱ्या महाराष्ट्राला. मध्येच कुणीतरी चॅनेल हॅक केलं, तेही परत मिळवलं. टीव्हीच्या काळात तिला स्टुडिओच्या दारात तरी कुणी उभं केलं असतं का?

आणि आता २०२०.

६ एप्रिल २०२० रोजी कुवेत सरकारने जलीब आणि महबूला या दोन वस्त्या पूर्ण बंद केल्या. चारी बाजूंना कुंपण, नाक्यांवर पोलिस. दोन आठवड्यांसाठी म्हणून लावलेली बंदी जुलैपर्यंत लांबली. मी कुंपणाच्या बाहेर, काका आत. माझं काम लॅपटॉपवर चालू, पगार चालू. काकांचं काम बंद आणि पगारही बंद. पुढे कंपनीने सांगून टाकलं की आता गरज नाही. वय बावन्न. माझा तो 'श्रीमंत काकां'चा समज त्या महिन्यात कायमचा गेला. त्यांच्या गाठीला किती आहे हे त्यांनी मला पहिल्यांदा सांगितलं, आणि मला काय बोलावं ते सुचेना.

पहिले दोन आठवडे खोलीत नुसती मोबाइलची जत्रा. सहा माणसं, सहा फोन, सहा आवाज. कुणी मालिका, कुणी अफवा, कुणी विनोद. एका रात्री चाचा वैतागले. काकांनी मला त्यांचं वाक्य सांगितलं ते मी विसरू शकत नाही: "टीवी होता तवा भांडत तरी होतो रे एकमेकांशी!"

त्या भांडणातून एक ठरलं. रोज रात्री आठ ते नऊ, एकच फोन चालणार. तो निडोच्या डब्याला टेकवून ठेवायचा आणि सगळ्यांनी मिळून एकच गोष्ट बघायची, अशी की जिचा पोटापाण्याला उपयोग होईल. पहिल्या आठवड्यात कुणाला काय हवं यावर रिमोटसारखीच भांडणं झाली. शेवटी इन्व्हर्टर एसीचं कार्ड दुरुस्त करणं या विषयावर एकमत झालं, कारण काकांच्या खाटेखाली सूक अल जुमातून, म्हणजे शुक्रवारच्या जुन्या बाजारातून, कधीतरी आणलेली सहा-सात बिघडलेली कार्डं पडून होती. हिंदीतले व्हिडिओ भरपूर होते. नऊ वाजता काका मला फोन करायचे आणि न कळलेलं विचारायचे.

"बाबू, हा डायोडचा पूल म्हणजे काय रे?"

मी डॉक्टर झालेला इंजिनिअर, पण बावन्न वर्षांच्या सातवी पास माणसाला ब्रिज रेक्टिफायर समजावताना माझा घाम निघाला. शेवटी पाटाच्या पाण्याचं उदाहरण घेतलं. पाणी इकडून आलं की ही दोन दारं उघडतात, तिकडून आलं की ती दोन, पण शेतात पाणी जाणार ते एकाच दिशेने. काका म्हणाले, "मग असं सांगायचं ना आधी!"

एक प्रसंग मात्र अंगावर काटा आणणारा. कुवेतमध्ये वीज २४० व्होल्टची. ती रेक्टिफाय झाली की कार्डावरच्या मोठ्या कपॅसिटरवर साधारण ३४० व्होल्ट डीसी साठतात, आणि प्लग काढला तरी काही काळ राहतात. ज्या व्हिडिओवरून हे शिकत होते, त्यात त्या माणसाने प्लग काढला आणि थेट बोर्ड हातात घेतला. कपॅसिटर रिकामा कसा करायचा हा भाग त्याने वगळला होता. काकांनी तसाच हात पुढे केला. केरळच्या इलेक्ट्रिशियनने वरच्या वर मनगट धरलं. त्याने मीटर लावून दाखवला, काटा भरपूर वर. मग एक रेझिस्टर लावून कपॅसिटर कसा उतरवायचा ते शिकवलं.

मला त्या रात्री झोप लागली नाही. व्हिडिओ लाखो लोकांनी बघितला असेल, पण व्हिडिओ तुमचा हात बघत नाही. शेजारी बसलेला माणूस बघतो.

दुसरा धडा पैशाचा. खोलीत सोलापूरकडचा एक तरुण शिंपी होता, हुशार. तो जुन्या लॅपटॉपवर स्पोकन ट्युटोरियलचे मराठी धडे बघून हिशेबाच्या तक्त्यांचं काम शिकला, अगदी अर्धा पडदा धड्याला आणि अर्धा स्वतःला, असं. पण त्यालाच 'घरबसल्या उद्योजक व्हा' अशा एका कोर्सची जाहिरात दिसली. मोठ्या गाडीजवळ उभा असलेला माणूस, भाषण जोरदार. पोराने पस्तीस दिनार भरले, तेव्हाचे आठ हजारांहून जास्त रुपये, तेही पगार बंद असताना. कोर्समध्ये काय होतं? प्रेरणादायी वाक्यं, आणि शेवटी 'खरं रहस्य पुढच्या लेव्हलला', त्याचे पैसे वेगळे. पोरगा दोन दिवस कुणाशी बोलला नाही. चाचांनी त्याला हिशेब मांडायला लावला: या माणसाचा धंदा कोणता? गाडी कशातून आली? त्याने काही बनवलं की फक्त कोर्स विकला? ऑनलाइन शिकायला बसलेल्या प्रत्येकाने हे तीन प्रश्न भिंतीवर लिहून ठेवावेत.

म्हणजे १९८४ ला टीव्हीचं जे झालं तेच इथेही होतंय. प्रेक्षक पुन्हा गिऱ्हाईक होतोय. उलट जास्तच, कारण टीव्हीला तुम्ही कोण हे माहीत नव्हतं. फोनला माहीत असतं की तुमची नोकरी गेली आहे आणि तुम्ही रात्री दोन वाजता 'धंदा कसा सुरू करावा' शोधताय.

आणखी एक आकडा सांगतो. हार्वर्ड आणि एमआयटी यांच्या 'एडएक्स'वरच्या अभ्यासक्रमांची पाहणी २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आली. २०१७-१८ मध्ये नाव घातलेल्यांपैकी अभ्यासक्रम पूर्ण करणारे होते जेमतेम ३ टक्के. जगातले उत्तम शिक्षक, सगळं फुकट किंवा स्वस्त, आणि तरी शंभरातले तीन! मी स्वतः अर्धवट सोडलेल्या कोर्सची यादी इथे देत नाही, लाज वाटेल.

मग जलीबच्या त्या खोलीत सहापैकी चौघे शेवटपर्यंत कसे टिकले? ते काही हार्वर्डवाल्यांपेक्षा हुशार नव्हते. कारण एकच, रात्री आठला कुणी आलं नाही तर चाचा हाक मारायचे. ते ज्ञानदीप मंडळ होतं, मंडळी! १९७२ नंतरच्या महाराष्ट्रात जे टीव्हीसमोर घडलं, तेच २०२० मध्ये निडोच्या डब्यासमोर घडलं. मला वाटतं आपण सगळा वेळ चुकीचा प्रश्न विचारत आलो, टीव्ही चांगला की इंटरनेट. दोन्ही काळांत शिकवलं ते पडद्याने अर्धं, आणि पडद्यासमोर एकत्र बसलेल्या माणसांनी अर्धं. टीव्हीने प्रत्येक घराला वेगळा पडदा दिला तेव्हा मंडळं विरली. मोबाइलने प्रत्येक माणसाला वेगळा पडदा दिला आहे. सोय वाढली, सोबत गेली.

तरी इंटरनेटची एक गोष्ट टीव्हीकडे कधीच नव्हती, आणि ती मला काकांनीच दाखवली.

जानेवारी २०२१ मध्ये काका कायमचे गावी परतले. देवरुखजवळ रस्त्याला लागून एका गाळ्यात त्यांनी एसी-फ्रिज दुरुस्तीचं दुकान टाकलं. पाटीवर लिहिलं: 'इन्व्हर्टरचे कार्ड दुरुस्त करून मिळेल'. पहिला पावसाळा आला आणि शिकलेलं कमी पडायला लागलं. कोकणातल्या दमट हवेत कार्डाला बुरशी, आणि बाहेरच्या युनिटमध्ये पाली आणि मुंग्या शिरून शॉर्ट. उत्तरेकडच्या कोरड्या हवेत बनवलेल्या व्हिडिओंमध्ये पालीचा उल्लेख कशाला असणार? काकांनी स्वतः डोकं चालवलं. कार्ड धुऊन, वाळवून, त्यावर लॅकरचा थर द्यायचा, केबलच्या भोकांना बारीक जाळी लावायची. आणि मग त्यांनी काय केलं, तर पुतणीला फोन धरायला लावला आणि त्याचा व्हिडिओ काढून जलीबच्या जुन्या खोलीच्या ग्रुपवर पाठवला!

व्हिडिओ हलणारा, मागे कोंबडी ओरडतेय, काका कॅमेऱ्याकडे न बघता कार्डाशी बोलताहेत. पण सुरुवातीलाच ते थांबून बजावतात: "आधी कपॅसिटर उतरवा. मग हात."

मी तो व्हिडिओ कुवेतमध्ये ऑफिसात बसून पाहिला आणि दार लावून घेतलं. टीव्हीसमोर चोवीस वर्षं बसलेला माणूस पहिल्यांदा पडद्याच्या पलीकडे गेला होता.

काका लखपती झालेले नाहीत, हे स्पष्ट सांगतो. कुवेतच्या पगाराइतकं उत्पन्न नाही. उन्हाळ्यात बरं चालतं, पावसाळ्यात कार्डांवर भागतं. पण रात्री घरी जेवतात, आणि रविवारी दुकानात तीन पोरं शिकायला येतात. त्यांचा नियम एकच: व्हिडिओ घरी बघून यायचा, इथे फक्त हात चालवायचा.

शेवटी, टीव्ही किंवा फोनसमोरचा रोजचा एक तास वळवावा असं कुणाला वाटलं, तर या खोलीने शिकवलेल्या चार गोष्टी:

१. वेळ आणि विषय दोन्ही ठरवून घ्या. 'काहीतरी चांगलं बघू' म्हणून बसलात तर फोन ठरवेल तुम्ही काय बघायचं ते.

२. एकट्याने बसू नका. घरातला, शेजारचा, निदान फोनवरचा एक तरी सोबती हवा, जो उद्या विचारेल की काल काय शिकलास.

३. दहा मिनिटं बघा, वीस मिनिटं करा. आणि वीज, औषध, पैसा यांत हात घालण्याआधी ते काम जाणणारा माणूस शेजारी हवा.

४. उद्योजकता शिकवणाऱ्याला चाचांचे तीन प्रश्न विचारा.

मागच्या महिन्यात कामानिमित्त जलीबला गेलो होतो. काकांच्या इमारतीच्या गच्चीवर ती छत्री अजून आहे, तोंड आकाशाकडे, वायर तुटलेली. चाचाही आता खेडला परतले आहेत. खोलीत नवी मुलं आहेत, बिहारची. दार उघडं होतं. सहा खाटांवर सहा मुलं, सहा फोन, सगळ्यांच्या कानांत इयरफोन. कुणी काही शिकत असेलही. पण खोलीत आवाज असा कुठलाच नव्हता.

कपाटावर निडोचा एक डबा दिसला. क्षणभर वाटलं, आत जावं, तो खाली काढून मध्ये ठेवावा. धीर झाला नाही. काकांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "पुढच्या खेपेला जा. चहा मागून बस. आणि विचार, आठ वाजता काय करता म्हणून."

जाणार आहे.